दसऱ्याचं पहिलं पोतं

माझ्या नोकरीच्या ऐन उमेदीच्या काळात एस.टी.त माझ्या शेजारी कुणी बसत नसे. होटगी रस्त्यावरून सोलापूर स्टँडकडे येणारी संध्याकाळची गाडी खच्चून भरलेली असायची, माणसं दारात लोंबकळायची, पण माझ्या शेजारची जागा रिकामी. एखादा नवखा प्रवासी मोठ्या आनंदाने येऊन टेकायचा, दोनदा नाक वर करून बघायचा आणि 'म्होरं वारा लागतोय' असं काहीतरी पुटपुटत उठून जायचा. आंबूस, घामट, शिळं लोणी तापवायला ठेवावं तसा तो वास. साबणाने जायचा नाही, शिकेकाईनेही जायचा नाही. सासूबाई मला मागच्या दाराने घरात घेत, आधी मोरीत पाठवत आणि मगच चहाचं आधण ठेवत. तेव्हा मला त्या वासाची फार लाज वाटे. आज एवढ्या वर्षांनी त्याच्याबद्दल लिहायला बसले आहे, ते मात्र लाज वाटते म्हणून नव्हे.

मी कोंबड्यांचं खाद्य बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात केमिस्ट होते. केमिस्ट हा शब्द ऐकायला भारदस्त आहे. प्रत्यक्षात पत्र्याच्या शेडच्या कोपऱ्यात एक टेबल, एक तराजू, नमुने वाळवायची एक छोटी विजेची भट्टी आणि बी.एस्सी. झालेली मी, एवढीच प्रयोगशाळा. काळ सत्तरीच्या दशकाचा. बहात्तरच्या दुष्काळाने शेतीचा भरवसा कमी केला होता आणि जिल्ह्यात जागोजागी पोल्ट्रीच्या शेडी उभ्या राहत होत्या. लोकांना वाटायचं, कोंबडीला काय, मूठभर दाणे फेकले की झालं. पण अंड्यासाठी पाळलेली पांढरी कोंबडी म्हणजे बाळंतिणीसारखी. तिचं खाणं रोज मोजूनमापून द्यावं लागतं. मका किंवा ज्वारीचा भरडा, भाताचा कोंडा, सुकी मासळी, शिंपल्यांचा चुरा आणि या सगळ्यांत मुख्य म्हणजे शेंगदाण्याची पेंड. तेल काढून उरलेली ही पेंड कोंबडीला फार मानवते. दुर्दैवाने ती बुरशीलाही तेवढीच मानवते.

"सोलापुरात कसली आलीय बुरशी? हितं माणूस वाळतंय की!" आमचे मल्लप्पा मेस्त्री मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. मेस्त्री अक्कलकोटकडचे. अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलायचे, आणि कारखान्यातलं प्रत्येक यंत्र त्यांच्या हातचं. त्यांचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटायचं. पण गरम भाकरी डब्यात घालून झाकण लावलं की थोड्या वेळाने झाकणाला आतून घाम सुटतो ना, तसंच पोत्याचं होतं. भरडलेलं खाद्य कोमट असतं. ते तसंच पोत्यात भरलं, वर पत्र्याचं छप्पर दिवसा तापलं आणि रात्री गार पडलं, की पोत्याच्या आत ओल धरते. मग हिरवट भुकटी दिसायला लागते. ती बुरशी जे विष सोडते ते कोंबडीच्या यकृतात बसतं. पाखरू एकदम मरत नाही. आधी खाणं कमी होतं, मग अंडी, मग एक दिवस मान टाकतं.

यावर उपाय म्हणून आम्ही मुंबईहून प्रोपिऑनिक अ‍ॅसिडचे कॅन मागवले. हे व्हिनेगरच्याच घराण्यातलं, जरा तिखट स्वभावाचं भावंड. पाव टिकावा म्हणून बेकरीवाले याचाच क्षार वापरतात. मिक्सरमध्ये खाद्य फिरत असताना हातपंपाने त्याचा बारीक फवारा मारायचा, की बुरशीला उगवायला जागाच राहत नाही. काम सोपं, पण हातमोजे घालून आणि तोंडाला फडकं बांधून करायचं, कारण अंगावर उडालं तर कातडी सोलून काढतं. माझ्या दोन साड्यांचे पदर त्यातच गेले. वासाचं तर वर सांगितलंच.

खरी पंचाईत झाली ती नावाची. अ‍ॅसिड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सोनाराचं तेजाब आणि ट्रकची बॅटरी यायची. मेस्त्रींनी पहिला कॅन बघून हात जोडले. "बाई, कोंबडीला तेजाब पाजता व्हय? पाप लागंल!" मी त्यांना कैरीचं लोणचं, ताक, चिंच सगळं सांगून पाहिलं. ते ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि पंप मारायच्या वेळी शेडबाहेर जाऊन उभे राहायचे. गिऱ्हाइकंही बिचकली. काहींनी तर माल घेणंच थांबवलं.

पहिल्यांदा तो माल निवडून घेतला सुभद्राबाईंनी. त्या माढ्याकडच्या एका खेड्यातून यायच्या. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून चार दिवस घरी. पोल्ट्री सगळी यांच्या एकटीच्या जिवावर. नऊवारीचा काष्टा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि आवाज असा की शेडच्या त्या टोकाचा हमाल वळून बघेल. त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर खाद्य नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "लोणच्यावानी आंबूस हाय. म्हंजे टिकंल की! द्या मला." त्यांचं बघून आणखी चौघांनी घेतलं, आणि गाडं रुळावर आलं. तेव्हापासून मालकांनी त्यांना एक मान दिला. दसऱ्याच्या मुहूर्तावर जे पहिलं पोतं निघेल, ते हळदीकुंकू लावून सुभद्राबाईंना द्यायचं. मेस्त्री ते स्वतः उचलून त्यांच्या टेम्पोत ठेवत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

या अ‍ॅसिडाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ते बुरशी येऊ देत नाही. पण बुरशी येऊन गेली असेल, तर तिने सोडलेलं विष काही ते काढू शकत नाही. हे लोकांच्या गळी उतरवता उतरवता माझा घसा बसायचा. सांगोल्याचं एक गिऱ्हाईक एकदा पेंडीची हिरवी पडलेली पोती घेऊन दारात हजर.

"बाई, ह्येच्यावर जरा तुमचं औषध मारा की."

"आता उपयोग नाही. पेंड जाळून टाका."

"जाळू? लई शानपना सांगता वो. ऊन दावलं तर हिरवं जातंय की."

"हिरवं जाईल, विष राहील."

"म्हंजे तुमचं औषध तुमालाच खरं वाटंना!" असं म्हणून तो जो गेला तो आमची बदनामी करतच गेला. मला राग आला, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. पेंड नाकारणं हाही माझ्या कामाचाच भाग होता, आणि तो मी हौसेने करायचे.

एवढं सगळं सुरळीत चाललं असताना एका वर्षी दसऱ्यानंतर काही दिवसांनी सुभद्राबाई टोपलीत मेलेली कोंबडी घेऊन आल्या. मी टेबलावर कापून पाहिली. यकृत फिकट, पिवळसर, ठिसूळ. बुरशीच्या विषाची ही खूण डोळे मिटून ओळखावी अशी असते. त्यांनी आणलेल्या खाद्याच्या पुडीत बारीक हिरवट गोळे होते. मी त्याच दिवसाचा माझ्याजवळ राखून ठेवलेला नमुना काढला, तर तो स्वच्छ! मालक म्हणाले, बाईंच्या शेडमध्येच ओल असणार. मी मुद्दाम जाऊन आले. शेड आमच्या स्वयंपाकघराहून कोरडी, पोती फळ्यांवर रचलेली, भिंतीपासून हातभर लांब. माझीच शिकवण त्यांनी माझ्याहून चांगली पाळली होती.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दसऱ्यानंतरच, आणि पुन्हा त्यांच्याकडेच. या वेळी मी आधीपासून सावध होते. पेंडीचं पोतं अन् पोतं तपासलं होतं, अ‍ॅसिडही वाढवलं होतं.

"बाई, बाकी वरीसभर तुमचं खाद्य पाखरं मिटक्या मारत खात्यात," सुभद्राबाई म्हणाल्या. या वेळी आवाज शेडच्या टोकाला गेला नाही. "दसऱ्याच्या म्होरंच काय व्हतंय? गावात लोक म्हनत्यात, अ‍ॅसिडनं आतडी जळत्यात. मी भांडती त्यांच्यासंगं. पर म्होरल्या साली पुन्ना झालं तर मी पाखरं इकून टाकनार. माज्याच्यानं त्यास्नी मरताना बगवत न्हाय."

त्या गेल्यावर मालकांनी मला बोलावलं. माणूस भला, पण धंदा सांभाळायचा होता. पुढच्या दसऱ्याला तक्रार आली, तर अ‍ॅसिडचे कॅन परत जातील, असं ते म्हणाले. आणि कॅन गेल्यावर केमिस्ट कशाला हवी, हे त्यांनी म्हटलं नाही. ते मला न सांगता कळलं. मी वर्षभर डोकं खाजवलं. नव्या पेंडीला दोष दिला, परतीच्या पावसाला दिला, पोत्यांच्या तागाला दिला. काही केल्या धागा हाती लागेना.

तो लागला आमच्या देवघरात. नवरात्रात अंडी-कोंबडी खाणारे कमी होतात, म्हणून मालक ते नऊ दिवस कारखाना बंद ठेवत. गिऱ्हाइकं आधीच साठा करून ठेवत. हमाल, कारागीर तेवढ्यात साफसफाई आणि रंगरंगोटी उरकत. मला मात्र सुट्टी, आणि आमच्या घरी घट. परडीत माती, मातीत पाच धान्यं, मधोमध पाण्याचा घट. त्या वर्षी सासूबाईंचे गुडघे धरल्यामुळे पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. नवमीला सकाळी नैवेद्य दाखवायला वाकले आणि तो वास आला. कुबट, ओल्या धान्याचा. सुभद्राबाईंच्या पुडीत हाच वास होता. परडीच्या कडेला, जिथे अंकुर आले नव्हते, तिथे दाण्यांवर हिरवी लव उगवली होती.

"पाणी जास्त घातलंस," सासूबाई मागून म्हणाल्या. "नऊ दिवस ओल्यात राहिलं की धान्य कुजतं. म्हणून मी पळीनं घालते, तू तांब्यानं घातलंस."

मी तशीच वाकलेली राहिले. नऊ दिवस. ओलं. बंद.

"आई, मला आत्ता कारखान्यात जायचंय."

आता खरं म्हणजे नवमीचा स्वयंपाक पडला होता, सवाष्ण जेवायला यायची होती. सासूबाईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "त्या माढ्याच्या बाईच्या कोंबड्यांचं का?" मी रोज घरी येऊन त्यांच्यापाशीच रडत असे, त्यामुळे त्यांना सगळं तोंडपाठ होतं. "जा. पुरण मी वाटते. गुडघे बसून दुखतात, हात नाही दुखत." ज्या बाईच्या घरात अंडं चढलेलं नव्हतं, तिने कोंबड्यांसाठी नवमीच्या दिवशी सुनेला घराबाहेर पाठवलं. हे आठवलं की अजून माझे डोळे भरतात.

कारखान्यात खंडेनवमीची पूजा नुकतीच झाली होती. इतकी वर्षं नोकरी करून मी ती कधीच पाहिली नव्हती, कारण दर नवमीला मी घरच्या घटापाशी असायचे. मिक्सरला झेंडूच्या माळा, भरडणीच्या यंत्राला ज्वारीची ताटं बांधलेली, पुढे लाल फडक्यावर नट फिरवायचे पाने, हातोडे, पेचकस ओळीने मांडलेले आणि कुंकवाने माखलेले. सगळी यंत्रं आरशासारखी लख्ख. मेस्त्री स्वच्छ धोतरात, कपाळाला विभूती लावून उभे होते.

"या बाई, या! बगा कशी न्हाऊन बसल्यात. दोन वर्सामागं नळ आला, तवापासनं घट बसले त्या दिवशी पाईप लावून वरपासनं खालपर्यंत आंघोळ घालतोय. वर्सातनं एकदाच की वो. एरवी आमी ह्यास्नी नुसतं राबवतोय."

त्यांच्या आवाजात फार जिव्हाळा होता. पण तोवर माझं लक्ष एलिव्हेटरकडे गेलं होतं. हे म्हणजे रहाटगाडग्यासारखं असतं. उभ्या पट्ट्यावर पत्र्याच्या वाट्या; त्या मिक्सरमधून आलेलं खाद्य खालून भरून घेतात आणि वर टाकीत नेऊन ओततात, तिथून ते पोत्यात उतरतं. त्याच्या तळाशी जमिनीत बसवलेली एक पत्र्याची पेटी असते. वाट्या तिचा तळ कधीच पुरता खरवडत नाहीत. थोडं खाद्य कायम खाली राहतं. वरून धुतलेलं सगळं पाणी त्या पेटीत उतरलं असणार. मी अ‍ॅसिड मारत होते मिक्सरमध्ये आणि नमुनाही मिक्सरमधूनच काढत होते. त्याच्या पुढे काय होतं, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

"मेस्त्री, ती खालची पेटी उघडा."

"बेडा, बाई, बेडा!" मेस्त्री दचकून कानडीतच नको नको म्हणाले. "पूजेला बसल्यालं हत्यार उद्या मुहूर्तापर्यंत उचलायचं न्हाय. आज्ज्यापासनं आलंय हे आमच्यात."

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. माझ्या घरी परडीला हात लावू का, असं कुणी विचारलं असतं तर मीही नाहीच म्हटलं असतं. एवढंच विचारलं, "उद्याचं पहिलं पोतं कुणाचं?"

"सुभद्राबाईंचं. दरसाल त्यांचंच की."

"आणि ते या पेटीतूनच वर जाणार?"

मेस्त्री माझ्याकडे बघत राहिले. मग पेटीकडे बघितलं. मग लाल फडक्यावरच्या पान्याकडे. शेवटी मेस्त्रींनी पूजेसमोर डोकं टेकवलं, उठले आणि म्हणाले, "पाना उचलनार न्हाय. हात हायेत की."

धोतराचा सोगा बोटांना गुंडाळून ते एकेक नट फिरवू लागले. यंत्राच्या कंपाने नट घट्ट बसलेले. कपाळाची विभूती घामाने वाहून गेली, एका बोटाचं नख फाटलं, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. झाकण निघालं आणि तो वास शेडभर पसरला. आत ओल्या खाद्याची लादी थापल्यासारखी बसलेली, वरून हिरवी, मखमलीसारखी. मेस्त्रींनी ती हाताने ओढून काढली. तिच्याखाली कोपऱ्यात आणखी एक थर होता, दगडासारखा, काळपट. तो आदल्या वर्षांचा.

मेस्त्री आपल्या हिरव्या झालेल्या हातांकडे बघत होते. "म्हंजे माज्या आंघोळीनं..."

"तुम्ही मनापासून धुतलंत, मेस्त्री," मी म्हटलं. "मीही मनापासूनच अ‍ॅसिड मारत होते. तुमचं पाणी कुठं जातं ते मला माहीत नव्हतं, आणि माझं अ‍ॅसिड कुठवर पोचतं ते तुम्हाला."

मालक आले. त्यांनी लादी पाहिली आणि पहिला प्रश्न केला, "आत अ‍ॅसिड मारून घेतलं तर?" मला सांगोल्याचं ते गिऱ्हाईक आठवलं. त्याला दिलेलं उत्तरच मी यांनाही दिलं. मेस्त्रींनी सगळं पोत्यात भरून मागच्या माळावर जाळलं, बांबूच्या कामट्यांनी पेटी खरवडली, कोरड्या तागाने पुसली. दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर पहिला घाणा नुसत्या कोंड्याचा घेतला, भरपूर अ‍ॅसिड मारून, आणि तो खड्ड्यात ओतला. दुसऱ्या घाण्याच्या पोत्याला कुंकू लागलं.

सुभद्राबाई नेहमीप्रमाणे आल्या. मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "सापडलं ना? मग आता बोलून कशाला वाढवायचं?" त्यांचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. पण दोन वर्षं ही बाई आमच्यासाठी गावाशी भांडली होती. मी त्यांना पेटीपाशी नेलं आणि सगळं सांगितलं. मेस्त्री माझ्या मागे हात बांधून उभे राहिले.

सुभद्राबाई ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे लाडाची म्हनून पयलं पोतं मला, अन् त्या पयल्या पोत्यातच..." त्यांनी पदर तोंडाला लावला. "माजी पांढरी पाखरं वो, बाई. हातावर दानं खायची." मेस्त्री पुढे झाले आणि त्यांच्या पायांशी वाकू लागले, तशा त्या एकदम मागे सरकल्या. "आवं, थोरल्या मानसानं असं करू ने."

त्या कुंकू लावलेल्या पोत्याकडे गेल्या. तोंडाची सुतळी सोडली, कोपरापर्यंत हात आत घातला, तळातलं मूठभर खाद्य काढलं आणि नाकाशी नेलं.

"लोणच्यावानी वास हाय," त्या म्हणाल्या. "चढवा टेम्पोत. औंदा बी पयलं पोतं माजंच."

त्यानंतर दसऱ्याची तक्रार पुन्हा कधी आली नाही. यंत्रांची आंघोळ बंद झाली नाही, कोरडी झाली. ब्रश, कामटी, ताग, आणि पेटी उघडून माझ्या नाकाने पास केल्याशिवाय पूजा नाही. पाण्याचा मान मेस्त्रींनी यंत्रासमोर ठेवलेल्या कलशाला दिला. पुढच्या वर्षीच्या पूजेत लाल फडक्यावर पान्यांच्या ओळीत माझा हातपंप होता, कुंकू लावलेला. दर नवमीला पुरण वाटायचं काम मात्र कायमचं सासूबाईंकडे गेलं, आणि त्याबद्दल त्या सगळ्या गल्लीत तक्रार करत फिरायच्या, फार आनंदाने.

पण नोकरीतलं सगळ्यांत काय आठवतं म्हणाल, तर त्याच दसऱ्याची संध्याकाळ. टेम्पो पोती घेऊन पुढे गेला होता. सुभद्राबाईंना सोलापुरात बहिणीला सोनं द्यायला जायचं होतं, म्हणून त्या माझ्याच एस.टी.त चढल्या. गाडी खच्चून भरलेली, माझ्या शेजारची जागा रिकामी. त्या सरळ येऊन बसल्या. पदराच्या गाठीतून आपट्याची पानं काढली.

"सोनं घ्या, बाई."

मी हात पुढे केला आणि मागे घेतला. दिवसभर फवारा मारलेला हात तो. त्यांनी तो धरला, पानं तळहातावर ठेवली, मूठ मिटली आणि पानांसकट ती मूठ नाकाशी नेऊन एकदा वास घेतला.

"ह्योच," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी माझा हात तसाच आपल्या मांडीवर ठेवला, आणि स्टँड येईपर्यंत सोडला नाही.